उपेक्षित हरिकेन आणि त्याचे वैमानिक

१९४० सालच्या उन्हाळ्यात ब्रिटनच्या आकाशात जे युद्ध झाले, त्याचे श्रेय जगाने ‘स्पिटफायर’ या देखण्या विमानाच्या खाती जमा केले. वस्तुस्थिती निराळी आहे. त्या लढाईत ब्रिटिश लढाऊ विमानांनी पाडलेल्या शत्रुविमानांपैकी निम्म्याहून अधिक ‘हॉकर हरिकेन’ने पाडली होती.

सिडनी कॅम यांच्या आराखड्यानुसार घडलेल्या या विमानाने ६ नोव्हेंबर १९३५ रोजी प्रथम उड्डाण केले. पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि मागच्या भागावर ताणून बसवलेले कापड, अशी त्याची जुन्या वळणाची बांधणी होती. जाणकारांनी तीच उणीव मानली. परंतु गोळी कापडातून आरपार जाई, ठिगळ लावले की विमान पुन्हा उड्डाणास सिद्ध होई. चाके एकमेकांपासून दूर असल्याने ते खडबडीत धावपट्टीवरही सुखरूप उतरे. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर स्पिटफायर हा उंची माल. हरिकेन हा वेळेवर, हवा तितका पुरवता येणारा टिकाऊ माल. एकूण चौदा हजारांहून अधिक हरिकेन तयार झाली. त्यांपैकी कॅनडातील कारखान्यात बनलेल्या विमानांच्या उत्पादनाची धुरा एल्सी मॅकगिल या महिला अभियंत्याने वाहिली, हे आजही फारसे कोणास ठाऊक नाही.

अहिंसेला परमधर्म मानणाऱ्या वाचकास युद्धयंत्राचे हे कौतुक खटकणे स्वाभाविक आहे. त्या यंत्रात बसणाऱ्यांनी मोजलेली किंमत मात्र दृष्टीआड करता येत नाही. हरिकेनची एक इंधनटाकी वैमानिकाच्या अगदी पुढ्यात असे. ती पेटली की काही क्षणांत हातातोंडाची कातडी होरपळे. १६ ऑगस्ट १९४० रोजी जेम्स निकल्सन यांचे विमान असेच पेटले. जखमी अवस्थेत, ज्वाळांमध्ये बसूनच त्यांनी समोरच्या जर्मन विमानावर मारा केला आणि मगच हवाई छत्रीने उडी घेतली. खाली येताना स्वकीयांच्याच गोळीबाराने ते पुन्हा घायाळ झाले! त्या युद्धात ‘व्हिक्टोरिया क्रॉस’ मिळालेले लढाऊ विमानदलातील ते एकमेव वैमानिक. भाजलेल्या देहानिशी ते पुन्हा सेवेत रुजू झाले. २ मे १९४५ रोजी बंगालच्या उपसागरात विमान कोसळून त्यांचा अंत झाला.

हरिकेनचा भारताशीही निकटचा संबंध आहे. १९४४ मध्ये जपानी सैन्याने इम्फाळला वेढा घातला, तेव्हा भारतीय वायुदलाच्या पहिल्या स्क्वाड्रनची हरिकेन विमाने डोंगरदऱ्यांवरून खालून उडत शत्रूच्या हालचाली टिपून आणीत. वेग कमी आणि उंचीही कमी. जमिनीवरून होणाऱ्या माऱ्याचा धोका प्रत्येक फेरीत असे. या तुकडीचे नेतृत्व पंचविशीच्या अर्जनसिंग यांच्याकडे होते. त्यांच्या छातीवर शौर्यपदक लावण्यासाठी स्वतः माउंटबॅटन इम्फाळला आले.