वाइनसोबत ताटात काय वाढायचं?

मागच्या वेळी आपण पापडाच्या पाकिटावर काय काय छापायचं ते बोललो. आजचा विषय ऐकून काही घरांत रेडिओचा आवाज बारीक होईल. होऊ द्या, पण बंद करू नका.

आपल्या दिंडोरी भागात द्राक्षाची तोडणी सुरू झाली की वायनरीत पाहुण्यांची गर्दी होते. अशाच एका वायनरीकडून आमच्या गटाला साठ ताटांची ऑर्डर आली. त्यांना गावाकडचं जेवण हवं होतं. त्या दिवशी गटाची बैठक दोन तास चालली. नवऱ्याची दारू निस्तरण्यात जिचं अर्धं आयुष्य गेलं, ती मावशी म्हणाली, “बाटलीच्या शेजारी माझी भाकरी जाणार नाही.” त्यावर दुसरी म्हणाली, “मावशी, त्याच बाटलीची द्राक्षं तोडायला आपण पहाटे जातोच ना?” दोघींचंही खरं होतं. शेवटी ठरलं, ज्यांना यायचं त्यांनी यावं, कुणावर जबरदस्ती नाही. तसं प्रोसिडिंगमध्ये लिहिलं, सह्या झाल्या.

ऑर्डर घेतली, पण वाइन कशाशी खातात हे आम्हाला कुठे माहीत? मग विचारत गेलो. घोटही न घेता बरंच समजलं, कारण निम्मं आपल्याला आधीच येत होतं.

आधी द्राक्षाचं बघू. आपल्या बागेतलं थॉमसन किंवा सोनाका खाण्यासाठी असतं. मणी मोठा, साल पातळ, बी नाही. त्यासाठी आपण विरळणी करतो, घड जीएच्या पाण्यात बुडवतो. वाइनच्या द्राक्षाचा मणी बारीक, साल जाड आणि आत बिया. तिथे मणी फुगवायचा नसतो, म्हणून डिपिंग नाही. (म्हणजे बायकांच्या मजुरीचे तेवढे दिवसही कमी, हे जाता जाता सांगते.) खायचं द्राक्ष साधारण सोळा ते अठरा ब्रिक्सला तोडतात, वाइनचं बावीस-तेवीसच्या आसपास. ही जास्तीची साखर कशाला? यीस्ट ती साखर खातं आणि तिचा अल्कोहोल करतं. वाइनमध्ये तो बारा-तेरा टक्के असतो.

रंगाची गंमत ऐका. काळं शरद सीडलेस बोटांत चिरडून बघा, रस फिकाच निघतो. रंग सालीत असतो. साल लगेच बाजूला काढली की पांढरी वाइन होते. सालीसकट टाकीत कित्येक दिवस ठेवली की लाल, आणि काही तासच ठेवली की गुलाबी. सालीतून रंगाबरोबर तुरटपणाही उतरतो. जांभूळ खाल्ल्यावर जीभ कशी आवळून येते? लाल वाइनचा तुरटपणा तोच.

आपल्याकडे ही द्राक्षं फार जुनी नाहीत. नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या बाजूला राजीव सामंत यांनी १९९७ साली सोव्हिन्यॉ ब्लांक आणि शेनिन ब्लांक या दोन जाती लावल्या. २००० साली त्यांची पहिली वाइन बाजारात आली. आईचं नाव सुलभा, त्यावरून वायनरीचं नाव सुला. पुढे शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यॉ, झिनफँडेल या जातीही इथल्या मातीत रुजल्या. नावं जिभेवर बसायला आम्हाला आठवडा लागला. एक वहिनी शेनिनला अजून ‘शेवंती’च म्हणते.

आता जेवणाकडे येऊ. सोव्हिन्यॉ ब्लांक आंबट आणि ताजी, वास हिरव्या मिरचीच्या देठासारखा, ओल्या गवतासारखा. तिच्यासोबत कोथिंबीर वडी, अळूवडी छान लागते. तळणाचा तेलकटपणा आंबटपणाने कापला जातो, जसं आपण भज्यावर लिंबू पिळतो. फसफसणारी, गोड नसलेली वाइन असेल तर कांदाभजी आणि साबुदाणा वडा. गुलाबी झिनफँडेल थंडगार देतात, तिच्याबरोबर थालीपीठ आणि लोणी. शेनिन ब्लांकला पेरूचा, अननसाचा वास. ती बहुतेक वेळा किंचित गोडसर असते, म्हणून तिखटाला हीच बरी.

हे आम्ही चुकून शिकलो. पहिल्या ऑर्डरीला आम्ही झणझणीत काळ्या मसाल्याचं मटण आणि वर ठेचा वाढला. सोबत होती शिराझ. पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. निम्म्यांनी मटण सोडलं, निम्म्यांनी ग्लास. मॅनेजर आमच्यावर ओरडला. आम्हाला वाटलं मीठ चुकलं. चूक मिठाची नव्हती. अल्कोहोलमुळे तिखट जास्त झोंबतं, आणि तिखटापुढे तुरट आणखी कडू लागतं. आता शिराझ असली की मटण तेच, पण मिरची निम्मी आणि मिरी थोडी जास्त, कारण शिराझला स्वतःलाच मिऱ्याचा वास असतो. मटणाच्या चरबीने तुरटपणा मऊ होतो. शाकाहारी ताटात चुलीवर भाजलेल्या वांग्याचं भरीत, वर शेंगदाण्याचं कूट. ठेचा वेगळ्या वाटीत ठेवतो, मागितला तरच वाढतो.

गोडाचंही सांगते. वेलीवर जास्त पिकू दिलेल्या शेनिनची गोड वाइन करतात. आम्हाला वाटलं, हिच्याबरोबर पुरणपोळीच हवी. पण ताटातलं गोड वाइनपेक्षा जास्त गोड झालं की वाइन आंबट लागते. पेढा खाऊन चहा प्यायलात तर कळेल. त्यामुळे पोळी आता शेवटी, ग्लास उचलल्यावर देतो. गोड वाइनबरोबर खारे काजू ठेवतो.

एक गोष्ट स्पष्ट बोलते. वाइन म्हणजे द्राक्षाचा रसच, तब्येतीला चांगली, असं सांगणारे तुम्हाला भेटतील. मान डोलावू नका. ती दारूच आहे. अल्कोहोलचं कुठलंच प्रमाण सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये सांगितलं आहे. गरोदर बाईनं तर एक घोटही घेऊ नये. २०२२ मध्ये आपल्या सरकारनं सुपरमार्केटमध्ये वाइन विकायचं ठरवलं तेव्हा किती वादंग झालं ते आठवत असेल. आम्ही जेवण विकतो, ग्लास भरत नाही. ग्लास भरायचं काम वायनरीच्या माणसांचं, हे ऑर्डर घेतानाच ठरवून घेतो.

आणि दर. पहिल्या वेळी आम्ही ताटाचा दर गावच्या लग्नातल्यासारखा सांगितला आणि टेम्पोचं भाडं अंगावर घेतलं. हातात काही उरलं नाही. आता सरपण, गाडी, प्रत्येकीची मजुरी मांडूनच दर देतो. अर्धे पैसे आधी घेतो. कोणत्या वाइनबरोबर काय उरून परत आलं ते एका वहीत लिहितो. त्या वहीची पानं दाखवली की पुढची ऑर्डर ठरवताना मॅनेजरही ऐकून घेतो.

मावशी अजून वायनरीत येत नाही. त्या दिवशी गटाच्या पापडाच्या ऑर्डरी ती सांभाळते, आणि तिची हजेरी आमच्याइतकीच लागते.