जुन्या जीपची ब्रेकनळी बसवताना



दिल्लीत १९६४ साली सुरू झालेल्या स्टेट्समन रॅलीत किंवा गुरुग्रामजवळच्या तावडू येथील हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियममध्ये जुन्या गाड्या पाहताना आपली नजर चकचकीत रंगावर खिळते. गाडी थांबवणारी नळी मात्र चॅसिसच्या कडेला लपलेली असते. जेमतेम ३/१६ इंच, म्हणजे सुमारे पावणेपाच मिलिमीटर जाडीची.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपमध्ये चारही चाकांचे ब्रेक एकाच परिपथावर चालतात. पास्कलच्या नियमाप्रमाणे बंदिस्त द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पोचतो. पण एका सांध्यातून गळती झाली, की तो कुठेच टिकत नाही. आजच्या गाडीत दोन स्वतंत्र परिपथ असतात. एक गेला तरी दुसरा गाडी थांबवतो. जुन्या जीपला ही सवलत नाही.

त्यात या गाड्या बहुतेक वेळ उभ्याच असतात. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार विंटेज म्हणून नोंदलेली, पन्नास वर्षांहून जुनी गाडी रोजच्या वापरासाठी नसते. नेहमीचे ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि उभ्या गाडीतली पोलादी नळी आतून गंजते. म्हणून ती कधी ना कधी बदलावीच लागते. नवी नळी बिघडते ती बहुधा बसवतानाच.

नळी कशाची? दुपदरी पोलादाची किंवा तांबे-निकेल मिश्रधातूची. निव्वळ तांब्याची नको. थरथरीने तांबे कडक होऊन तडकते.

वाकवणे. जुनी नळी जपून काढावी आणि नमुना म्हणून समोर ठेवावी. वळण बेंडरनेच द्यावे. गुडघ्यावर वाकवलेली नळी चेपते, आणि चेपलेली नळी सरळ करून वापरायची नसते. ती टाकून द्यायची.

टोक फुलवणे. आधी नट नळीत ओवावा, मग टोक फुलवावे; उलट केले तर नट आत जाणारच नाही. टोक काटकोनात कापून कानशीने साफ करावे. जीपला दुहेरी फ्लेअर लागतो, म्हणजे फुलवलेली कड आत दुमडलेली असते. एकेरी फ्लेअर पोलादी नळीवर चिरतो. शेवटी हवेच्या झोताने कीस काढून टोके झाकावीत.

जोडणे. नट पहिले काही आटे बोटांनीच फिरला पाहिजे. अडला तर पाना लावू नये. काढून पुन्हा सरळ धरावा. ३/८ इंची, २४ आट्यांचा नट आणि १० मिलिमीटरचा, १ मिलिमीटर अंतराच्या आट्यांचा नट दिसायला जवळजवळ सारखे. इंची नट मिलिमीटरच्या भोकात सैलसर शिरतो आणि आवळताना आटे खातो. घट्ट करताना फ्लेअर-नट पाना घ्यावा. तो रिंग पान्यासारखाच, पण नळी आत शिरण्यापुरता कापलेला असतो. साधा पाना नटाचे कोपरे गोल करतो. रबरी होजशी जोडताना एका पान्याने होज धरावा, दुसऱ्याने नट फिरवावा. नाहीतर होज पिळला जातो.

मार्ग. नळी सायलेन्सरच्या पाइपपासून दूर आणि धारदार कडांपासून मोकळी असावी. सगळ्या क्लिपा परत लावाव्यात. सुटी नळी थरथरून झिजते.

तपासणी. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून हवा काढायला सुरुवात करावी. मग एकाने पेडल दोन मिनिटे जोरात दाबून धरावे आणि दुसऱ्याने प्रत्येक सांधा कोरड्या पांढऱ्या कागदाने पुसून पाहावा. कागद ओला झाला किंवा पेडल हळूहळू खाली गेले, तर गाडी जागची हलवू नये. ऑइल रंगावर सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे. ते रंग खाते.

हे काम प्रशिक्षकांच्या देखरेखीखालीच करावे, आणि पहिली चाचणी मोकळ्या, सपाट मैदानावर, चालण्याच्या वेगाने घ्यावी.