गाडी समजून घेताना – लेखांक १४ : थकलेले सस्पेन्शन, दुरुस्ती की अपग्रेड?

सस्पेन्शन एका दिवसात जात नाही. शॉकअपचा जोर महिन्यामागून महिने थोडा थोडा ओसरतो, रबरी बुश कडक होऊन चिरतात, स्प्रिंग नकळत बसत जाते. चालवणाऱ्याचा हात या बदलाला इतका सरावतो की गाडी बिघडली आहे हे बहुधा पाहुण्याच्या लक्षात येते, मालकाच्या नाही. मग एखाद्या खड्ड्यात मोठा दणका बसतो, गाडी गॅरेजात जाते आणि तिथे ‘पूर्ण सेटच बदलू, नाहीतर जरा भारीतला टाकू’ असा सल्ला मिळतो. खर्च होतो, पण खडखड तशीच राहिल्याची उदाहरणे कमी नाहीत. दुरुस्ती की अपग्रेड हा दुसरा प्रश्न आहे; पहिला प्रश्न नेमके थकले आहे काय, हा.

सस्पेन्शनमध्ये तीन वेगळी कामे चालतात आणि ती एकमेकांत मिसळली की निदान चुकते. गाडीचे वजन स्प्रिंग पेलते, मग ती गुंडाळीची असो वा पाट्यांची. शॉकअप वजन पेलत नाही. दबून सुटलेल्या स्प्रिंगला वर-खाली नाचू न देणे एवढेच त्याचे काम. तिसरा गट बुश, बॉल जॉइंट, लोअर आर्म आणि लिंक रॉड यांचा. चाक पुढे-मागे वा आडवे न सरकता फक्त वर-खाली व्हावे, ही जबाबदारी या गटाची. गाडी मागून बसलेली दिसते म्हणून शॉकअप बदलणे ही सर्वांत नेहमीची चूक आहे. नव्या शॉकअपने गाडी जवळजवळ उचलली जात नाही, कारण ती खाली आलेली असते स्प्रिंगमुळे.

दौंड तालुक्यातील कासुर्डीसारख्या गावात या तिन्ही गटांची परीक्षा घरबसल्या होते. गावालगत पुणे–सोलापूर राष्ट्रीय महामार्ग ६५ आहे, म्हणजे पूर्वीचा ९ क्रमांकाचा. महामार्ग सोडून शेताकडे वळले की काळी माती लागते. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्यावरचा डांबरी थर लाटा धरतो. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी कडा खचतात आणि चाकोऱ्या पडतात. एकाच घरची मोटार सकाळी ऐंशीच्या वेगाने हडपसरकडे जाते आणि संध्याकाळी पंधराच्या वेगाने बांधावर पोहोचते.

दोन रस्ते दोन वेगळे दोष बोलून दाखवतात. महामार्गावर पुलाच्या सांध्यावरून गेल्यावर गाडी एकदा दबून स्थिर व्हायला हवी. ती दोन-तीनदा झोके घेत असेल, ब्रेक मारताच नाक खाली टाकत असेल किंवा शेजारून ट्रक गेल्यावर तरंगल्यासारखी वाटत असेल, तर संशय शॉकअपवर घ्यावा. कच्च्या रस्त्यावर हळू जाताना लहान खड्यांवरून येणारी ‘टक-टक’ मात्र बहुतेक वेळा शॉकअपची नसते. ती लिंक रॉडची, बुशची किंवा बॉल जॉइंटची असते. लिंक रॉड हा सस्पेन्शनमधल्या सर्वांत स्वस्त भागांपैकी एक, आणि त्याच्या आवाजापायी चांगले शॉकअप काढून टाकले जातात. जागेवर उभ्या गाडीचे स्टिअरिंग फिरवताना वरून कटकट येत असेल किंवा स्प्रिंग अडकून सुटल्यासारखी वाटत असेल, तर स्ट्रटच्या, म्हणजे शॉकअप-स्प्रिंगच्या खांबाच्या, माथ्यावरचे माउंटिंग आणि त्यातले बेअरिंग पाहावे.

गाडीचा कोपरा दाबून सोडण्याची जुनी चाचणी अजून सर्रास केली जाते. शॉकअप पूर्ण मेला असेल तर ती ते सांगते; अर्धा मेला असेल तर नाही. हाताने दाबताना हालचाल फारच संथ असते, तर खडबडीत रस्त्यावर चाक सेकंदाला दहा-बारा वेळा थरथरू शकते. ताशी साठच्या वेगाने एक किलोमीटर म्हणजे एक मिनिट, आणि त्या एका मिनिटात शॉकअपच्या दांड्याला सहाशे-सातशे वेळा मागेपुढे व्हावे लागते. त्या वेगात तो किती विरोध करतो, हे हाताला कळत नाही. त्यापेक्षा गाडी रॅम्पवर घेऊन पाहणे बरे. शॉकअपच्या अंगावर धुळीचा कोरडा थर असणे ठीक, हलका ओलावाही चालून जातो. तेलाने भिजलेला, माती चिकटून चिखल झालेला शॉकअप मात्र संपला असे समजावे. सोबत टायरवर हात फिरवावा. ठिकठिकाणी खोलगट झिजलेला टायर चाक रस्त्यावर टेकून न राहता उड्या मारत असल्याचे सांगतो.

स्प्रिंगसाठी मोजपट्टी पुरते. सपाट जागेवर, टायरमध्ये हवा सारखी ठेवून, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही बाजूंना मोजावे. डाव्या-उजव्यात दीड-दोन सेंटीमीटरचा फरक असेल तर एक स्प्रिंग बसली आहे किंवा तिचे टोक तुटले आहे. खालचे शेवटचे वेटोळे बैठकीत लपलेले असते आणि तिथे साचलेल्या चिखलाने गंज धरतो, म्हणून तुटलेले टोक वरवर पाहून दिसत नाही. बोलेरोसारख्या मागे पाटे असलेल्या गाडीत मुख्य पाट्याची कमान सपाट झाली का, सेंटर बोल्ट तुटून पाटे सरकले का आणि शॅकलचे बुश शिल्लक आहेत का, हे पाहावे लागते. कमान उतरलेला पाटा ठोकून पुन्हा वळवून देणारे कारागीर हायवेवर आजही भेटतात. तुटपुंज्या खर्चात काही काळ निघतो. पण पोलादाला योग्य ताव दिला गेला नाही तर पाटा पुन्हा बसतो, किंवा तुटतो.

निदान पक्के झाले की बहुतेक खासगी मोटारींसाठी उत्तर साधे असते: जे गेले ते मूळ मापाचे बसवावे. शॉकअप आणि स्प्रिंग मात्र एकाच आसावर जोडीने बदलावेत, कारण एक नवा आणि एक जुना असला की ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारताना गाडी एका बाजूला झुकते. पुढच्या चाकांच्या बाबतीत आणखी एक हिशेब आहे. आपल्याकडच्या बहुतेक लहान मोटारींना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. अमेरिकी अभियंता अर्ल मॅकफर्सन याची ही रचना फोर्डच्या इंग्लंडमधील कंपनीने १९५० मध्ये कॉन्सल मोटारीत आणली. शॉकअप, स्प्रिंग आणि स्टिअरिंगचा फिरता टेकू एकाच खांबात आल्याने जागा व पैसा वाचला. पण शॉकअप बदलायचा तर अख्खा खांब उतरवून स्प्रिंग दाबून धरावी लागते. मजुरी एकदाच मोजायची असल्याने माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉप (शेवटचा दणका झेलणारे रबर) आणि धूळरबर त्याच वेळी नवे टाकणे शहाणपणाचे. दाबलेली स्प्रिंग निसटली तर जीव घेऊ शकते, त्यामुळे हे काम दोरी बांधून घराच्या अंगणात करण्याचे नव्हे.

सुट्या भागांच्या बाबतीत पुणे जिल्ह्याची सोय चांगली आहे. शॉकअप बनवणारी गॅब्रिएल इंडिया ही १९६१ साली स्थापन झालेली कंपनी खेड तालुक्यातील कुरुळीत, पुणे–नाशिक रस्त्यावर आहे. गाडी कंपनीच्या खोक्यातला भाग आणि तोच भाग मूळ उत्पादकाच्या नावाने खुल्या बाजारात, असे दोन्ही पुण्याच्या नाना पेठेत मिळतात, आणि दुसरा सहसा स्वस्त पडतो. टाळायचा तो ‘रिकंडिशन’ शॉकअप. बंद नळी भोक पाडून उघडायची, कुठलेतरी तेल भरायचे, वेल्डिंग करून वर काळा रंग मारायचा, अशी त्याची कृती असते. आतला घासलेला पिस्टन, थकलेली झडप आणि सील तसेच राहतात.

बुश बदलताना एक बारकावा हमखास चुकतो. लोअर आर्मचा रबरी बुश बाहेरच्या आणि आतल्या नळीला घट्ट धरलेला असतो. आर्म हलतो तेव्हा रबर पिळले जाते. गाडी जॅकवर, चाके लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळला, तर त्याच अवस्थेत रबराची ‘सरळ’ स्थिती ठरून जाते. गाडी खाली आली की नवा बुश उभ्या जागीच पिळलेला राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. मग दोष मालाला दिला जातो, पान्याला नाही. म्हणून शेवटचे आवळणे चाकांवर वजन आल्यावरच करायचे.

अपग्रेडला खरे कारण एकच आहे: गाडीवरचे कायमचे वजन बदलणे. पेट्रोल मोटारीला बाहेरून सीएनजी किट बसवले की डिकीत लोखंडी टाकीचे पन्नास-साठ किलो कायमचे येतात. स्प्रिंग मूळ पेट्रोल गाडीच्या असल्याने मागची बाजू बसते, बंप स्टॉपवर आदळते आणि दिव्यांचा झोत वर जाऊन समोरच्याच्या डोळ्यांवर पडतो. कारखान्यातून सीएनजीवर निघणाऱ्या मॉडेलांसाठी कंपन्या सस्पेन्शन वेगळे जुळवतात, तेव्हा त्याच मॉडेलच्या सीएनजी आवृत्तीच्या मागच्या स्प्रिंग आणि शॉकअप मिळाले तर तो सर्वांत सरळ मार्ग. बाजारात खपणारा दुसरा उपाय म्हणजे वेटोळ्यांमध्ये ठोसायचे रबरी बफर. त्यांनी गाडी उंच दिसते खरी, पण दोन वेटोळी जायबंदी होऊन उरलेल्यांवर ताण वाढतो. अशा ‘स्वस्त उंची’पासून दूर राहिलेले चांगले.

जाड स्प्रिंग टाकून जुना शॉकअप ठेवणे तर उलट फळ देते. स्प्रिंगचा कडकपणा तीस टक्क्यांनी वाढवला की गाडीची उसळण्याची गती वर्गमुळाच्या हिशेबाने सुमारे चौदा टक्क्यांनी वाढते, आणि तिला आवरायला शॉकअपही जवळपास तितकाच जोरदार लागतो. तो तसाच ठेवला तर गाडी कडकही लागते आणि उसळतेही. बोलेरोला भाजीच्या क्रेटसाठी जादा पाटा टाकला जातो तेव्हा हेच होते: भरलेली गाडी सरळ उभी राहते, परतीला रिकामी आली की मागची चाके प्रत्येक खड्ड्यावर हवेत. आठवड्यातून एकदाच माल न्यायचा असेल, तर जादा पाट्यापेक्षा भाड्याचा टेम्पो बरा.

उंची वाढवण्याची हौस वेगळ्या कारणाने महागात पडते. स्ट्रटखाली ठोकळे घातले की ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढून बूट फाटतात, गुरुत्वमध्य वर जातो आणि यवतजवळच्या भुलेश्वरच्या घाटात वळणावर गाडी अधिक कलते. कायदाही आहेच. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलापासून दूर नेणारा बदल मालकाला परवानगीवाचून करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे अधिक ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद केली. मूळ मापाचा चांगल्या कंपनीचा शॉकअप बसवणे यात मोडत नाही. उंची, चाकांचे माप आणि भारक्षमता बदलली की मात्र अपघातानंतर विमा कंपनीला बोट दाखवायला जागा मिळते.

राहिला गाडीच्या वयाचा हिशेब. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी नव्याने करावी लागते आणि एप्रिल २०२२ पासून त्याचे शुल्क सहाशेवरून पाच हजार रुपयांवर गेले आहे. बारा-तेरा वर्षांच्या मोटारीला चारही शॉकअप, स्प्रिंग आणि आर्म टाकण्याआधी ती पुढची नोंदणी ओलांडणार का, हे ठरवावे. स्ट्रट जिथे बसतो त्या पत्र्याला किंवा मागच्या आसाच्या टेकूंना गंजाने भोके पडली असतील, तर नव्या भागांवर पैसे घालू नयेत. पत्रा शाबूत, इंजिन ठीक आणि गाडी आणखी पाच वर्षे वापरायची असेल, तर पूर्ण काम एकदाच करून घेणे किफायतशीर. दोन वर्षांत विकायची असेल, तर जेवढे धोक्याचे तेवढेच करावे; बॉल जॉइंट आणि तुटलेली स्प्रिंग त्यात पहिल्या येतात, कारण ते सुटल्यास चाकच वाकडे होते.

काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट टाळू नये. स्ट्रटचे खालचे दोन बोल्ट सैल झाले की अनेक मोटारींत चाकाचा उभा कल बदलतो, आणि न जुळवलेले चाक नवा टायर काही हजार किलोमीटरमध्ये एका कडेने खाऊन टाकते. मागे पाटे असल्यास यू बोल्ट चारपाचशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळावे लागतात. टायरच्या झिजेवरून गाडीचे दोष कसे ओळखावेत, हा पुढील लेखांकाचा विषय.