दुखलं म्हणजे लागू पडलं?

मालीश करून घेणाऱ्यांत एक समजूत पक्की आहे: कळ मस्तकात गेली पाहिजे, तरच पैसे वसूल. तालमीतली रगडपट्टी पाहत मोठ्या झालेल्या मुलखात असे वाटावे यात नवल नाही. पण रोज मेहनत करणारे पैलवानाचे अंग आणि दिवसभर लॅपटॉपवर वाकलेली मान यांना एकच जोर चालत नाही. आखडलेली मान, भरलेली कंबर, जुनी लचक यांसाठी उपचार म्हणून घेतलेल्या मसाजमध्ये जोरापेक्षा अंदाज महत्त्वाचा.

म्हणून सुरुवात तेलाने नव्हे, प्रश्नांनी व्हायला हवी. कुठे दुखते, कधीपासून, हातापायाला मुंग्या येतात का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हाडे ठिसूळ आहेत का, अलीकडे ऑपरेशन झाले का, दिवस गेले आहेत का. कोणी विचारले नाही तर आपणहून सांगा. तेलाची महती ऐकवणाऱ्या पण तुमच्या गोळ्यांची चौकशी न करणाऱ्या माणसाच्या हाती पाठ देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ताप, त्वचेचा संसर्ग किंवा ताजी दुखापत असेल तर बेत पुढे ढकला. आपल्याकडे ही सावधगिरी नवी नाही. अष्टांगहृदयात वाग्भटाने रोजचा अभ्यंग सांगितला, तसा अजीर्ण झालेल्याला तो वर्ज्यही केला.

कपडे किती काढायचे हे तुम्ही ठरवायचे. ज्या भागावर काम चालू आहे तेवढाच उघडा, बाकी अंगावर चादर, ही साधी शिस्त. बाई हवी की पुरुष, तेही आधी विचारता येते, त्यात संकोच कसला?

पहिली काही मिनिटे तळव्याचे लांब, सावकाश हात फिरतात. स्नायू ऊबदार झाले की मळणे सुरू होते आणि मग अंगठा नेमक्या जागी येतो. मान आणि खांदा यांच्या मधल्या मांसल पट्ट्यात बहुतेकांना सुपारीएवढी गाठ लागते. ती दाबली की कळ तिथे न थांबता कानामागून कानशिलापर्यंत चढते, आणि रुग्ण दचकून म्हणतो, ‘अहो, डोकं का दुखतंय?’ घाबरण्याचे कारण नाही. या स्नायूचे दुखणे असे दूर जाऊन बोलते. अंगठा तसाच स्थिर ठेवला की थोड्या वेळाने कळ ओसरू लागते. ओसरली नाही, उलट तुम्ही श्वास रोखलात, मुठी आवळल्यात, तर जोर जास्त झाला. स्नायू तेव्हा सैल होत नाही, स्वतःला वाचवायला आणखी आखडतो. अशा वेळी ‘जरा हलक्या हाताने’ म्हणणे हा उपचाराचाच भाग आहे. विजेसारखी सणक हातात किंवा पायात उतरली तर लगेच थांबवा.

सलूनमध्ये चंपीनंतर मान कडकन मोडून देतात, ती फुकट मिळाली तरी घेऊ नका. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला अशा झटक्याने चीर पडून पक्षाघात झाल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत.

झाल्यावर ताडकन उठू नका. रक्तदाब उतरलेला असतो, त्यामुळे आधी कुशीवर वळा, मिनिटभर बसा, तळवे पुसा. ज्येष्ठांच्या बाबतीत तेलकट पाय आणि बाथरूमची फरशी ही जोडी मसाजपेक्षा महागात पडते.

दुसऱ्या दिवशी अंग दुखणे साहजिक आहे, एक-दोन दिवसांत ते जाते. कोमट पाण्याची अंघोळ, पंधरा मिनिटे शेक, थोडे चालणे एवढे पुरते. मधुमेहामुळे पाय बधिर असतील तर शेकाची पिशवी आधी दुसऱ्याने हात लावून पाहावी. त्या दिवशी जिममध्ये वजने उचलू नका. पाणी तहानेप्रमाणे प्या. ‘विषद्रव्ये बाहेर पडतात, म्हणून चार लिटर प्या’ हा सल्ला सोडून द्या. ते काम यकृत आणि मूत्रपिंडे करतातच. लॅक्टिक आम्ल निघून जाते ही गोष्टही तशीच. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातील संशोधकांनी 2012 मध्ये दमवणाऱ्या व्यायामानंतर 11 तरुणांच्या एकाच पायाला दहा मिनिटे मसाज देऊन दोन्ही पायांच्या स्नायूंचे नमुने तपासले. मसाज केलेल्या पायात दाह वाढवणारे संकेत कमी आढळले, लॅक्टिक आम्लात मात्र फरक नव्हता. फायदा आहे, कारण वेगळे आहे.

दुखणे तीन दिवसांपुढे गेले, बधिरपणा आला किंवा मोठे काळेनिळे डाग पडले, तर डॉक्टर गाठा. आणि लांबच्या प्रवासानंतर किंवा अंथरुणात पडून राहिल्यावर एकच पोटरी सुजून गरम लागत असेल, तर ‘गोळा आलाय’ म्हणून ती चोळू नका. आत रक्ताची गुठळी असू शकते आणि ती सुटून फुफ्फुसात गेली तर जिवावर बेतते.

गुण आला का, हे कळेवर ठरवू नका. जाण्याआधी मान खांद्याकडे वळवून कुठे अडते ते पाहून ठेवा आणि दोन दिवसांनी पुन्हा वळवा. तीन-चार वेळा जाऊनही ती तिथेच अडत असेल, तर जास्त जोर मागण्यापेक्षा निदान पुन्हा तपासून घ्या. आणि पहिल्याच दिवशी कोणी दहा वेळांचे पॅकेज गळ्यात मारू लागला, तर पैसे काढण्याआधी घरी कोणता व्यायाम करायचा ते त्याला विचारा.