यादीचे चावडी वाचन

टेलिफोनची जाडजूड डिरेक्टरी आता घरांतून दिसेनाशी झाली आहे. पण श्रोतेहो, डिरेक्टरीचे काम संपलेले नाही. ते संगणकांकडे गेले आहे आणि पूर्वीपेक्षा जबाबदारीचे झाले आहे. जुन्या डिरेक्टरीत आपण नावावरून नंबर शोधत होतो. संगणकांच्या जाळ्यातली डिरेक्टरी मात्र कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला नाही, हे ठरवते. ती कशी बांधतात आणि बांधल्यावर तपासावी का लागते, हे आज पाहू.

समजा, बारामतीतल्या एखाद्या कॉलेजात साठ संगणकांची लॅब आहे. जळोचीहून येणारी एक विद्यार्थिनी आज खिडकीजवळच्या संगणकावर बसते. उद्या ती जागा रिकामी नसते, म्हणून कोपऱ्यातल्या संगणकावर बसते. दोन्हीकडे तिचे नाव आणि पासवर्ड चालला पाहिजे. प्रत्येक संगणकात वेगळी यादी ठेवली, तर एका पासवर्डच्या बदलासाठी साठ ठिकाणी दुरुस्ती करावी लागेल, आणि एखादी हमखास राहून जाईल. त्यापेक्षा यादी एकाच मुख्य संगणकावर ठेवावी आणि बाकीच्यांनी त्याला विचारावे. यालाच डिरेक्टरी सेवा म्हणतात.

अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८५ च्या सुमारास अशी एक सेवा आणली. तिचे पहिले नाव ‘यलो पेजेस’. पण ब्रिटनमध्ये हे नाव ब्रिटिश टेलिकॉमचे व्यापारचिन्ह होते. म्हणून ते बदलून ‘नेटवर्क इन्फर्मेशन सर्व्हिस’, थोडक्यात एनआयएस, असे करण्यात आले. तिच्या आज्ञांच्या नावांत वाय आणि पी ही जुनी अक्षरे मात्र तशीच राहिली.

आता यादी बांधण्याकडे वळू. मूळ यादी हा साधा मजकूर असतो. एका ओळीत एक व्यक्ती : तिचे नाव, तिचा क्रमांक आणि इतर माहिती. अशा हजारो ओळी दर वेळी वरून खाली वाचत बसायला फार वेळ लागेल. म्हणून ‘मेकडीबीएम’ नावाचा प्रोग्राम या मजकुरापासून दुसरी फाइल तयार करतो. तिच्यात प्रत्येक नोंदीचे दोन भाग असतात : एक किल्ली आणि दुसरी तिच्यामागची माहिती. किल्लीच्या अक्षरांवर एक हिशेब करून ती नोंद कोणत्या कप्प्यात ठेवायची ते ठरते. शोधताना तोच हिशेब पुन्हा करायचा आणि थेट तो कप्पा उघडायचा. पोस्टात पत्रे गावांप्रमाणे खणांत लावतात, तसाच हा प्रकार. या पद्धतीचा मूळ प्रोग्राम केन टॉमसन यांनी १९७९ साली बेल लॅब्जमध्ये लिहिला.

यात एक अडचण आहे. किल्ली नावाची असेल, तर क्रमांकावरून शोधता येत नाही. म्हणून एकाच मजकुरातून दोन फाइली बांधतात, एक नावावरून शोधण्यासाठी आणि दुसरी क्रमांकावरून. शेतकऱ्यांना हे नवीन नाही. सातबारा गट क्रमांकावरून निघतो, आणि एका खातेदाराची गावातली सगळी जमीन पाहायची तर आठ-अचा उतारा लागतो. जमीन तीच, पण शोधण्याच्या वाटा दोन. दोन्ही जुळल्या पाहिजेत.

खरी गोम पुढेच आहे. बांधलेली फाइल संगणकाला सोयीची असते, माणसाला ती उघडून वाचता येत नाही. आणि जाळ्यातले संगणक या बांधलेल्या फाइलवरच विश्वास ठेवतात, मूळ मजकुरावर नाही. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचे नाव मजकुरातून खोडले, पण फाइल पुन्हा बांधलीच नाही, तर त्याला दार उघडेच राहते. नव्या विद्यार्थिनीचे नाव मजकुरात असूनही तिला दार बंद. शिवाय मुख्य संगणक बंद पडला तर अडू नये म्हणून फाइलींच्या नकला दुय्यम संगणकांवर ठेवलेल्या असतात. नवी नकल वाटताना त्यांतला एखादा बंद असेल, तर तो नंतर बिनदिक्कत जुनीच उत्तरे देत राहतो. हे ओळखता यावे म्हणून फाइलीत ती कधी बांधली याचीही एक नोंद असते.

म्हणून बांधणाऱ्या त्याच मेकडीबीएमला उलटे कामही दिलेले आहे. त्याला ‘यू’ हे अक्षर जोडून सांगितले, की तो बांधलेली फाइल पुन्हा मजकुराच्या रूपात ओळीओळीने समोर ठेवतो. मग ताडून पाहायचे. मुळात जितक्या नोंदी, तितक्याच इथे आहेत का? एकच क्रमांक दोघांना गेला आहे का? कारण क्रमांक एक असला, की संगणक दोघांना एकच व्यक्ती समजतो आणि एकाची कागदपत्रे दुसऱ्याला उघडी होतात. पासवर्डची जागा कोठे रिकामी नाही ना?

आपल्या राज्यात याच तत्त्वावर एक मोठे काम झाले. हस्तलिखित सातबारे संगणकात भरल्यावर मूळ नोंद आणि संगणकातली नोंद यांत फरक राहू लागले. कोठे नावात चूक, तर कोठे क्षेत्रात. म्हणून २०१७ साली गावोगावी संगणकीकृत सातबाऱ्यांचे चावडी वाचन घेण्यात आले. जे संगणकात गेले होते, ते ज्यांची जमीन त्यांच्यासमोर मोठ्याने वाचायचे आणि हरकती नोंदवायच्या. त्यानंतर १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचे सातबारे मिळू लागले. आधी वाचन, मग स्वाक्षरी, हा क्रम महत्त्वाचा आहे.

एनआयएस आता मागे पडली आहे. जाळ्यातल्या कोणालाही तिच्यातली अख्खी यादी, सांकेतिक रूपातल्या पासवर्डसकट, मागून घेता येत असे. हा मोठा दोष होता. तिची जागा मुख्यतः एलडॅप या पद्धतीने घेतली, जिचा उगम १९९३ च्या सुमारास मिशिगन विद्यापीठात झाला. तिच्यात कोणी काय पाहावे यावर बंधने घालता येतात. पण तिथेही यादी भरणारी एक आज्ञा आहे आणि भरलेली यादी बाहेर काढून दाखवणारी दुसरी. साधने बदलली, तरी ही जोडी सुटलेली नाही.

श्रोतेहो, आपण संगणकावर काम करत नसलो, तरी आपले नाव कोणत्या ना कोणत्या यादीत आहेच. रेशनकार्ड, मतदार यादी, सातबारा. अर्ज बरोबर भरला, एवढ्यावर थांबू नये. यंत्रात काय उतरले, त्याचा उतारा काढून वाचावा. सातबाऱ्यात लिहिण्याची चूक निघाली, तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. मात्र चूक आधी आपल्या नजरेस पडायला हवी, आणि जमीन विकायच्या किंवा कर्ज काढायच्या दिवशी ती सापडण्यापेक्षा आजच सापडलेली बरी.