नाकाची साक्ष

तेलशुद्धीकरणाचे कारखाने, चामडे कमावण्याच्या जागा आणि मैलापाण्याच्या बंदिस्त टाक्या यांत निर्माण होणाऱ्या हायड्रोजन सल्फाइड (गंधक व उद्जन यांच्या संयोगाचा विषारी वायू) या वायूला सडक्या अंड्यासारखी दुर्गंधी असल्यामुळे, वास येईनासा झाला म्हणजे धोका टळला, अशी समजूत अनुभवी मुकादमांतही आढळते. आणि ती स्वाभाविकच आहे, कारण अत्यल्प प्रमाणात हा वायू नाकाला खरोखरच चटकन कळतो.

परंतु सुक्या मासळीच्या बाजारात शिरताना नाक दाबणाऱ्या गिऱ्हाइकाला घासाघीस संपेपर्यंत जसे वासाचे भान उरत नाही, तसेच येथे होते. शिवाय हवेच्या दहा लाख भागांत सुमारे 100 भाग वायू झाला की घ्राणशक्तीच बधिर होते, म्हणजे नेमक्या घातक प्रमाणाशी नाक मुके होते. कार्बन मोनॉक्साइडला तर मुळात वासच नाही.

म्हणून मोजणीची भिस्त विद्युत्-रासायनिक संवेदकावर (वायूच्या रासायनिक क्रियेतून त्याच्या प्रमाणानुसार सूक्ष्म विद्युत्प्रवाह निर्माण करणारी कुपी) ठेवतात. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा किंचित जड असल्याने टाकीत उतरण्यापूर्वी वर, मध्ये आणि विशेषतः तळाशी अशी हवा तपासावी लागते, प्राणवायूचे प्रमाणही पाहावे लागते. ही कुपी कालांतराने निकामी होते आणि निकामी कुपी शून्यच दाखवते. सबब, वापरापूर्वी ज्ञात प्रमाणाचा वायू सोडून यंत्राची घंटा वाजते की नाही, हे पाहण्याचा दस्तुर आहे.