घानात लाइट गेली आणि कंपनी वाचली! डिरेक्टरी सर्व्हिस म्हणजे नेमकं काय?

परभणीत लाइट गेली की आपण आधी मोबाइलची बॅटरी किती उरली ते बघतो, मग चिडचिड करतो. पण आज एक अशी गोष्ट सांगतो, जिथं लाइट गेली म्हणूनच एक मोठी कंपनी वाचली.

आधी मूळ मुद्दा. शाळेत जनरल रजिस्टर असायचं, आठवतंय? नाव, जन्मतारीख, प्रवेश कधी, शाळा सोडली कधी, सगळं एकाच ठिकाणी. कंपनीच्या नेटवर्कमध्ये हेच काम डिरेक्टरी सर्व्हिस करते. समजा ऑफिसात 500 कॉम्प्युटर आहेत. प्रत्येकावर 500 जणांचे पासवर्ड वेगवेगळे ठेवत बसलं, तर आयटीवाला वेडा होईल. म्हणून सगळी खाती एका सर्व्हरवर ठेवतात. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत त्या सर्व्हरला डोमेन कंट्रोलर म्हणतात. विंडोज 2000 सोबत ती आली आणि आजही असंख्य ऑफिसांत तीच चालते.

तुम्ही सकाळी लॉगिन करता तेव्हा हा सर्व्हर दोन गोष्टींसाठी लागतो. पहिली, तुम्ही कोण? दुसरी, तुम्ही कोणत्या ग्रुपमध्ये आहात? ओळख पटली की तो एक डिजिटल तिकीट देतो. एसटीच्या पाससारखं समजा. मग फाइल उघडा, प्रिंट काढा, दरवेळी पासवर्ड विचारला जात नाही. अकाउंट्सच्या ग्रुपमध्ये असाल तर पगाराचं फोल्डर उघडेल, नसाल तर नाही. नोकरी सोडली? एक खातं बंद केलं की सगळीकडचं दार बंद.

आता विचार करा, हे रजिस्टरच जळालं तर?

27 जून 2017. नॉटपेट्या नावाचा व्हायरस युक्रेनमधल्या एका टॅक्स सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला आणि मर्स्क या डेन्मार्कच्या जहाज कंपनीत घुसला. त्याचा फटका थेट आपल्या न्हावा शेवाला बसला. तिथलं मर्स्क समूहाचं कंटेनर टर्मिनल ठप्प झालं.

मर्स्ककडं सुमारे 150 डोमेन कंट्रोलर होते. सगळे एकमेकांची कॉपी ठेवायचे. एक बंद पडला तर दुसरा आहेच, असा हिशेब. पण व्हायरसनं जवळपास सगळेच एका झटक्यात पुसले. सर्व्हर परत उभे करता येत होते, पण कोण कोण आहे आणि कुणाला काय परवानगी आहे, हेच कुठं उरलं नव्हतं.

शेवटी एक सापडला, घानामध्ये! हल्ल्याच्या आधी तिथली लाइट गेली होती, म्हणून तो नेटवर्कच्या बाहेर होता. त्याचा डेटा विमानानं, हातोहात इंग्लंडला नेला. मग 10 दिवसांत 4000 सर्व्हर आणि 45,000 कॉम्प्युटर नव्यानं उभे केले.

यातून काय घ्यायचं? कॉपी म्हणजे बॅकअप नव्हे. कॉपीत चूकही लगेच कॉपी होते. खरा बॅकअप नेटवर्कपासून तोडून, बाजूला ठेवलेला असतो. पुण्यात आयटी सपोर्टच्या मुलाखतीला जाणार असाल तर एवढं नक्की लक्षात ठेवा. आणि हो, आपल्या फोनमधल्या फोटोंचंही असंच आहे बरं का!

भेटू पुढच्या भागात.